नळाला धार बारीक, पाणी गढूळ, वास येतोय: प्लंबरला फोन लावायच्या आधी काय काय बघायचं

ठाण्यात वर्तकनगरला आमची सात मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे, २८ फ्लॅट, आणि गेली नऊ वर्षं कमिटीत पाण्याचं खातं माझ्याकडे आहे. मागून घेतलेलं नाही, एका मीटिंगला उशिरा पोचले तोपर्यंत बाकीची खाती वाटून झाली होती. तेव्हापासून सकाळी सातला बेल वाजली की मी चहा झाकून ठेवते, कारण दारात कोणीतरी बादली नाहीतर बाटली घेऊन उभं असतं आणि म्हणतं, ताई हे बघा कसं पाणी येतंय. तक्रारी त्याच त्याच असतात आणि कारणंही फिरून फिरून तीच सात-आठ निघतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझी पद्धत एकच आहे, नळापासून सुरुवात करायची आणि उलटं मागे मागे जायचं. नळ, घरातली लाईन, गच्चीवरची टाकी, खालची टाकी, मीटर, आणि मग महापालिका. लोक बरोबर उलटं करतात, आधी महापालिकेला शिव्या, मग टाकी धुणाऱ्याला फोन, आणि शेवटी कळतं की नळाच्या तोंडाची जाळी चोंदली होती.

आधी लक्षण नीट बघा

"पाणी खराब आहे" याचा काहीच उपयोग नाही, नक्की काय होतंय ते सांगता आलं पाहिजे. मी विचारते ते असं:

धार एकाच नळाला बारीक आहे का सगळ्या घरात? फक्त गरम पाणी कमी येतंय का?
रंग कसला आहे, सकाळी पहिल्यांदा तांबूस आणि नंतर साफ, का दिवसभर मातकट? का दुधासारखं पांढरं?
कण आहेत का, असले तर काळे का पांढरे का वाळूसारखे?
वास कसला, औषधाचा म्हणजे क्लोरीनचा, कुबट, कुजक्या अंड्याचा, का गटाराचा?

यातला शेवटचा, गटाराचा वास खरोखरच पाण्याला असेल तर बाकीचं काही वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता ते पाणी प्यायचं आणि स्वयंपाकाला वापरायचं बंद करा आणि सरळ खाली शेवटच्या भागात जा. बाकी सगळ्याला वेळ आहे.

फुकटातल्या चार गोष्टी

पहिली, वरच्या-खालच्याला विचारा. समोरच्याला नाही, वरच्या आणि खालच्याला. गच्चीवरच्या टाकीतून जे पाईप खाली येतात, ज्याला प्लंबर लोक डाउनटेक म्हणतात, ते एकावर एक असलेल्या फ्लॅटना मिळून असतात. म्हणजे २०१, ३०१, ४०१ चं किचन एका पाईपवर आणि समोरच्या ०२ चं दुसऱ्यावर. तुमच्या किचनला धार नाही पण बाथरूमला मस्त आहे, असं होऊ शकतं कारण दोन्हीचे डाउनटेक बऱ्याचदा वेगळे असतात. तर वर आणि खाली दोघांकडे ठीक असेल तर दोष तुमच्या घरात आहे, आणि तिघांकडेही तेच असेल तर तुमचा नळ खोलून उपयोग नाही, गच्चीवर जायचंय. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं आणि तरीसुद्धा कोणी विचारत नाही.

दुसरी, ग्लास. काचेचा स्वच्छ ग्लास भरा आणि ओट्यावर दहा मिनिटं ठेवून द्या. पांढरं दुधाळ पाणी जर तळापासून वरवर साफ होत गेलं तर ती फक्त हवा आहे, बारीक बुडबुडे, लाईन रिकामी होऊन परत भरली की असं होतं, पाण्याला काही झालेलं नाही. लोकांना वाटतं पावडर जास्त टाकली, तर क्लोरीनने पाणी पांढरं होत नसतं. उलट पाणी वरून साफ होत गेलं आणि तळाशी थर बसला तर तो गाळ आहे. आणि तिसरा प्रकार, भरताना एकदम स्वच्छ आणि दोन-चार तासांनी पिवळसर तांबूस झालं, तर त्यात विरघळलेलं लोह आहे, हवा लागून त्याचा गंज होतो. हे बहुतेक करून बोअरिंगच्या नाहीतर बोअरिंगवरून भरलेल्या टँकरच्या पाण्यात होतं, धरणाच्या पाण्यात सहसा नाही.

तिसरी, पहिलं पाणी आणि दुसरं पाणी. सकाळी उठल्यावर नळ सोडून पहिलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या, नळ दोन मिनिटं वाहू द्या (खाली बादली लावा, फरशी पुसायला होतं), आणि मग दुसरा वाडगा. पहिला तांबूस आणि दुसरा साफ असेल तर रात्रभर जे पाणी तुमच्याच पाईपमध्ये उभं होतं त्याने गंज घेतलाय, म्हणजे घरातले जीआयचे, जस्त चढवलेले लोखंडी जुने पाईप. दोन्ही सारखेच मातकट तर मागून येतंय. आमच्यासारख्या नव्वद सालच्या आसपासच्या बिल्डिंगमध्ये पहिला प्रकार घराघरात आहे आणि त्यावर खरा उपाय एकच, पाईप बदलणे, पण तोपर्यंत पहिली अर्धी बादली झाडांना.

चौथी वासाची. ग्लासभर पाणी घ्या आणि सिंकपासून लांब, बाल्कनीत जाऊन हुंगा. हसू नका, दहातल्या चार-पाच तक्रारी इथेच संपतात, कारण वास पाण्याला नसतो, सिंकच्या जाळीतून येत असतो, आणि नळ सोडला की खालची घाण ढवळून वर येते म्हणून वाटतं पाण्यालाच येतोय. ३०२ च्या काकूंनी यासाठी महिनाभर बिसलेरीचे जार मागवले होते. सिंकखालचा पाईप काढून धुतला, विषय संपला. औषधाचा हलका वास मात्र असू द्या, तो असलेला चांगला. नळाच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे असं भारतीय मानक सांगतं, तो पाईपमधून येताना जंतू वाढू देत नाही. भांडं तासभर उघडं ठेवा, वास कमी होतो.

कुजक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्यालाच येत असेल तर तो गीझरच्या टाकीत तयार होतोय, खास करून महिनोन् महिने न वापरलेल्या गीझरमध्ये. त्याची सर्व्हिसिंग करून घ्या, सोसायटीची टाकी धुवायला सांगू नका.

आता हात घालायचा

नळाच्या तोंडाशी जी छोटी जाळी असते ती फिरवून निघते. फडकं गुंडाळून हाताने फिरवा, नाही निघाली तर फडक्यावरून पकडीने हळूच, नुसती पकड लावली तर क्रोम उडतं आणि मग घरात वेगळा विषय सुरू होतो. जाळीतली वॉशर सिंकमध्ये पडून जाते, भोकावर आधी वाटी उपडी ठेवा. आणि आत अडकलेला कचरा लगेच धुवून टाकू नका, आधी बोटावर घेऊन बघा, कारण तोच सांगतो पुढे कुठे जायचं. वाळू-माती असेल तर टाकीच्या तळातून किंवा बाहेरच्या लाईनमधून आलीय. मऊ काळे तुकडे, बोटाला काळं लागतं, तर ते रबर आहे, कुठलीतरी वॉशर नाहीतर जोडणीचा पाईप आतून कुजलाय. पांढरे कडक खडे म्हणजे क्षार, बोअरिंगचं पाणी. पांढरे मऊ धागे म्हणजे प्लंबरने लावलेली टेफ्लॉन टेप, हे नवीन काम झाल्यावर हमखास. जाळी अर्धा तास लिंबाच्या पाण्यात नाहीतर व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासली की बस. चिरलेली असेल तर नवीन फार महाग नाही, फक्त जुनी घेऊन दुकानात जा, नुसतं "नळाची जाळी द्या" म्हणालात तर घरी येऊन आटे बसत नाहीत.

जाळी काढून नळ सोडला आणि धार जोरात आली तर झालं, घरी जा. काढूनही बारीकच असेल तर सिंकच्या खाली वाका. तिथे भिंतीतून निघालेला जो छोटा कॉक असतो, अँगल कॉक, तो अर्धा बंद तर नाही ना? फिल्टर बसवणारा माणूस, टाइल लावणारा माणूस, प्रत्येक जण तो बंद करतो आणि जाताना अर्धाच उघडतो. पूर्ण उघडून बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका, हे मी दोनदा लिहिते, जोर लावू नका. जुना कॉक भिंतीतच मोडतो आणि मग किचनमध्ये कारंजं उडतं, माझ्याच घरी झालंय, दिवाळीच्या आदल्या दिवशी. म्हणून त्याला हात लावायच्या आधी घराचा मेन कॉक कुठे आहे ते शोधून ठेवा, कोणाचा माळ्यावर असतो कोणाचा संडासच्या खिडकीबाहेर डक्टमध्ये, आणि तो बंद होतो का ते बघा. डक्टमध्ये असेल आणि खिडकीतून वाकून हात पोचत नसेल तर सोडून द्या, प्लंबरचा माणूस दोरी बांधून उतरतो, तुम्ही नाही उतरायचं.

वॉशिंग मशीन "पाणी येत नाही" असं दाखवतंय? मागे जिथे पाईप लागतो तिथे आत बोटाएवढी जाळी असते, पक्कडीने ओढून धुवा. त्यातला मेकॅनिक हेच करतो आणि व्हिजिटचे पैसे घेतो. प्युरिफायरची धार बारीक झाली तर तो नळाचा प्रश्न नाही, त्याच्या आधी जो पांढरा कँडल फिल्टर लावलेला असतो तो मातीने भरलाय, विशेष करून जुलैमध्ये.

फक्त गरम पाणी बारीक असेल तर गीझरच्या इनलेटला बहुतेक सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. इथे मी स्वतः थांबते. बटण बंद, एमसीबी पण बंद, आणि सर्व्हिसवाल्याला फोन. पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र असलेल्या ठिकाणी पैसे वाचवायचे नाहीत.

टाकी पूर्ण रिकामी होऊन परत भरली आणि त्यानंतर एखाद्या नळाला नुसतं फुसफुस होऊन पाणी थांबतंय, तर लाईनमध्ये हवा अडकलीय. घरातले सगळे नळ एकदम पूर्ण सोडा, सगळ्यात खालच्या उंचीचा आधी, पाचेक मिनिटं. बऱ्याचदा एवढ्याने हवा निघून जाते, नाही निघाली तर खालच्या-वरच्या फ्लॅटलाही एकाच वेळी सोडायला सांगा.

सातव्या मजल्याचं दुखणं वेगळं आहे आणि ते कितीही जाळ्या धुतल्या तरी जाणार नाही. पाण्याचा दाब टाकी किती उंच आहे त्यावर असतो, दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब. तळमजल्याच्या डोक्यावर टाकी वीस-बावीस मीटर आहे, म्हणजे त्याला दोन किलो मिळतो, आणि सातव्याच्या शॉवरच्या डोक्यावर टाकी जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. जाहिरातीत बघून तो ताटाएवढा शॉवर आणला तर त्यातून ठिबकणारच. साधा शॉवर लावा, नाहीतर कमिटीला विचारून स्वतःच्या लाईनवर छोटा प्रेशर पंप. हा पंप गच्चीच्या टाकीच्या खाली लागतो. महापालिकेच्या लाईनवर डायरेक्ट मोटर लावणं वेगळं, त्याबद्दल पुढे.

गच्ची

वरच्या-खालच्या सगळ्यांना त्रास आहे तर वर जायचं, पण एकट्याने नाही, पावसात नाही, आणि टाकीवर चढायचंच असेल तर शिडी धरायला दुसरा माणूस पाहिजे.

आधी पातळी बघा. टाकीतून बाहेर जाणारा पाईप तळापासून थोडा वर असतो, मुद्दाम, म्हणजे खाली बसलेला गाळ तिथेच राहावा. पण पाणी अगदी खाली गेलं की तोच गाळ ओढला जातो. आमच्याकडे दोन वर्षं "दुपारी दोन ते चार पाणी गढूळ" अशी तक्रार होती, टाकी दोनदा धुतली, काही फरक नाही. शेवटी मी तीन दिवस दुपारी गच्चीवर जाऊन बसले तेव्हा कळलं की वॉचमनची ड्युटी दोनला बदलते आणि नवीन आलेला माणूस जेवून मग मोटर लावतो, तोपर्यंत टाकी तळाला. मोटरची वेळ पाऊण तास आधी केली. खर्च शून्य.

मग झाकण. ठाण्यात कबुतरं किती आहेत ते सांगायला नको, झाकण सरकलेलं असेल किंवा ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी नसेल तर आत काय काय पडतं ते मी जेवायच्या वेळेला वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. आणि झाकण उघडं म्हणजे आतल्या पाण्यात डासाच्या अळ्या, डेंग्यूचं आमंत्रण.

मग व्हॉल्व्ह. प्रत्येक डाउनटेकच्या तोंडाशी चाकाचा एक गेट व्हॉल्व्ह असतो. हा फसवतो. चाक पूर्ण उघडं दिसतं, गोल गोल फिरतंसुद्धा, पण आतली पाती दांड्यापासून तुटून खालीच अडकलेली असते, त्यामुळे त्या लाईनवरच्या सातही घरांना बारीक धार आणि बाकीच्यांना नॉर्मल. कोणाला संशय येत नाही कारण व्हॉल्व्ह "उघडा आहे". चाक कुठेही अडकल्याशिवाय नुसतंच फिरत राहत असेल तर तो गेलाय. बदलताना बॉल व्हॉल्व्ह घ्या, त्याची दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद, लांबून कळतं. बदलायचं काम प्लंबरचं, कारण टाकी रिकामी करावी लागते.

टीडीएस मीटरचा खरा उपयोग

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजणारं दोन-तीनशे रुपयांचं पेनासारखं मीटर घ्या, पण कशासाठी ते समजून घ्या. त्याने पाणी शुद्ध आहे का ते कळत नाही. गटाराचे चार थेंब मिसळलेलं पाणीसुद्धा त्यावर छान आकडा दाखवेल, जंतू त्याला दिसत नाहीत. मी ते चोर पकडायला वापरते. आमच्या नळाचं पाणी कायम १०० च्या आसपास असतं, नदीचं-धरणाचं पाणी असल्यामुळे हलकं आहे, मानकात ५०० पर्यंत चालतं. आमच्या बोअरिंगचं सहाशेच्या वर जातं आणि ते फक्त फ्लशला आहे. एका उन्हाळ्यात ०३ च्या लाईनवरचे लोक म्हणायला लागले, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतायत. सगळ्या घरांत मीटर बुडवत गेले. सातवा ठीक, सहावा ठीक, आणि मग ४०३ च्या आसपास आकडा एकदम तीनशे. त्या घरात नुकतं बाथरूमचं काम झालं होतं आणि नव्या प्लंबरने गीझरला गोड्या पाण्याच्या ऐवजी फ्लशची लाईन जोडली होती. तेवढ्यानेही इतरांना त्रास झाला नसता, पण त्यांच्या हँडशॉवरला दाबायचं बटण होतं, म्हणजे मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून फक्त बटण सोडलं की पाणी बंद. आतून मात्र गरम आणि गार दोन्ही लाईन एकमेकींना जोडलेल्या राहिल्या आणि बोअरिंगचं पाणी मिक्सरमधून मागे गोड्या लाईनमध्ये शिरत होतं, दिवस-रात्र. पिण्याच्या पाण्यात. तेव्हापासून नियम केला, कोणाच्याही घरी बाथरूमचं काम झालं की टाइल लागायच्या आधी मी जोडण्या बघते आणि काम संपल्यावर मीटर बुडवते.

खालची टाकी

इथे एक गोष्ट आधी. अंडरग्राउंड टाकीत उतरायचं नाही. वॉचमनला उतरवायचं नाही, "पाचच मिनिटं" म्हणून पण नाही. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. वरून टॉर्च मारून जेवढं दिसतं तेवढंच बघायचं, बाकी साफसफाईवाले त्यांच्या ब्लोअर आणि सेफ्टीच्या सामानासकट करतात, आणि ज्यांच्याकडे ते सामान नसेल त्यांना काम द्यायचं नाही, स्वस्तात होत असलं तरी.

टॉर्चने काय बघायचं? झाकण जमिनीच्या लेव्हलला आहे का? असेल तर गाड्या धुतलेलं पाणी, पावसाचं पाणी, सगळं कडेने आत. आमचं तसंच होतं, दर जूनमध्ये तक्रारींची लाट, आणि दर जूनमध्ये आम्ही महापालिकेला पत्र. शेवटी मॅनहोलच्या भोवती फूटभर उंच कट्टा बांधला आणि चिरलेलं झाकण बदललं, पुढच्या पावसाळ्यात तक्रारी निम्म्याहून कमी. भिंतीला कुठून पाझर दिसतोय का, ड्रेनेजचं चेंबर टाकीला चिकटून आहे का, तेही बघा.

क्लोरीन तपासायचं ओ.टी. म्हणून एक औषध मिळतं, छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, गावाकडे ग्रामपंचायतीत जलसुरक्षक हेच वापरतात. ते पाणी टाकून द्यायचं, प्यायचं नाही आणि हाताला लावायचं नाही. मी चार ठिकाणी करते: महापालिकेच्या इनलेटला, खालच्या टाकीत, वरच्या टाकीत, आणि एका नळाला. इनलेटला पिवळं आणि खालच्या टाकीत रंगच आला नाही तर क्लोरीन तुमच्या टाकीतल्या गाळातच संपून जातोय, म्हणजे टाकी धुवायची वेळ झाली. इनलेटलाच रंग आला नाही तर मात्र ती महापालिकेला कळवायची गोष्ट आहे. एरवी सहा महिन्यांनी टाकी धुवा आणि तारीख भिंतीवर रंगवून ठेवा, कमिटी बदलली की रजिस्टर सापडत नाही.

आता महापालिका

एवढं सगळं झाल्यावर इनलेटला या. पाणी यायच्या वेळेला दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, किती सेकंदात भरली ते लिहून ठेवा. चांगल्या दिवसाचा आकडा आधीपासून लिहिलेला असेल तरच वाईट दिवसाचा आकडा दाखवता येतो, नाहीतर "कमी येतंय" आणि "नाही हो, नेहमीसारखंच आहे" असं चालू राहतं. टाकी भरून बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा) बंद झाल्यावर मीटर थांबला पाहिजे, काटा फिरत राहिला तर मीटर आणि टाकीच्या मधे कुठेतरी पाईप फुटलाय आणि जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच सप्लाय बंद असताना घाण आत येते.

ठाण्याचं एक समजून घ्या, सगळ्या शहराला एकाच ठिकाणचं पाणी नाही. पिसे बंधाऱ्यावरून भातसा नदीचं पाणी उचलून टेमघरला शुद्ध होऊन येतं ती महापालिकेची स्वतःची योजना, शिवाय शहाडहून उल्हास नदीचं स्टेमचं (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरणाचं) पाणी, कळवा-मुंब्रा-दिव्याकडे एमआयडीसीचं, आणि काही भागाला मुंबई महापालिकेचं. म्हणून तुमच्याकडे पाणी नाही आणि रस्त्यापलीकडे आहे, असं होतं. आपला भाग कोणत्या योजनेवर आहे ते एकदा पाणी खात्यात विचारून घ्या, म्हणजे शटडाऊनची बातमी आली की ती आपल्यासाठी आहे का ते कळेल. माझा मेहुणा नेरुळला राहतो, तिकडे मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं आहे, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, तो मला दर उन्हाळ्यात टोमणे मारतो. उलवे, द्रोणागिरीकडे परत वेगळं, हेटवणे धरणाचं.

शटडाऊननंतर एक-दोन दिवस कमी दाबाने आणि थोडं गढूळ येणारच, रिकामी लाईन परत भरताना तळाचा गाळ उठतो. तेव्हा तक्रार करण्यापेक्षा पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. आम्ही इनलेटला टाकीच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक बसवून घेतलाय, पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं ते बाहेर काढतो, वॉचमन त्याच्यात पार्किंग धुतो. छोटं काम आहे आणि माझ्या मते नऊ वर्षांत केलेलं सगळ्यात फायद्याचं. पावसाच्या सुरुवातीला पण हेच, नदीच गढूळ होते, तेव्हा चार-आठ दिवस उकळून प्यायचं, चांगली खळखळून उकळी आल्यावर निदान एक-दोन मिनिटं.

आणि लाईनवर मोटर. आजूबाजूला कोणी लावली असेल तर सगळ्यांचं पाणी तर खेचलं जातंच, पण लाईनमध्ये उलटी ओढ तयार होते आणि जिथे पाईपला चीर आहे, आणि तो पाईप गटाराजवळून गेलाय, तिथून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून ते बेकायदेशीर आहे. स्वतः जाऊन भांडू नका, लेखी तक्रार द्या.

इथे थांबायचं

प्लंबरला बोलवा: कॉक फिरत नाही, भिंतीतून ओल येतेय, गेट व्हॉल्व्ह गेलाय, पाईप बदलायचेत. इलेक्ट्रिशियनला: गीझर, पंप, पॅनेल, आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करून. मीटरच्या पलीकडचं काहीही, रस्त्यातली लाईन, तिकडचा व्हॉल्व्ह, हे फक्त महापालिकेचं काम, आपल्या प्लंबरने खणायचं नाही.

गटाराचा वास, काळपट पाणी, किंवा एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत जुलाब, उलट्या, कावीळ: कुठलीही तपासणी करत बसायचं नाही. वॉचमनला सांगून इनलेट बंद, पंप बंद, गच्चीवरचे व्हॉल्व्ह बंद, ग्रुपवर मेसेज आणि शिवाय प्रत्येक दारावर जाऊन सांगणं, कारण आजी-आजोबा ग्रुप बघत नाहीत. पाणी खात्याला फोन आणि लेखी दोन्ही, कनेक्शन नंबर, वेळ आणि फोटोसकट. नमुना त्यांनाच घ्यायला सांगा, तपासणीची बाटली निर्जंतुक असावी लागते, आपली धुतलेली कोकची बाटली चालत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या आणि पाण्याचं आवर्जून सांगा. टँकर मागवलात तर तो त्या घाण झालेल्या टाकीत ओतू नका, आधी टाकी रिकामी करून, धुवून, क्लोरीन टाकून घ्या.

पाणी परत चांगलं आल्यावर नळ सोडून लाईन पूर्ण वाहू द्या, प्युरिफायरचे कँडल आणि कार्ट्रिज बदला, ते तेच पाणी पिऊन बसलेले असतात. आणि फ्रीजमधल्या बाटल्या आणि बर्फाचा ट्रे रिकामा करा, हे मात्र सगळे विसरतात, आम्हीही विसरलो होतो.